एमआय-१७ हेलिकॉप्टरच्या मॉडेलचं किट (खऱ्याच्या १/७२ आकाराचं): टेल रोटर, म्हणजे शेपटीचा पंखा, तपासूनच चिकटवा

ऑनलाइन मागवलं, २८०० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी आहेत.

मी हवाई दलात एअरफ्रेमवाला, म्हणजे सांगाड्याची देखभाल करणारा, सार्जंट म्हणून रिटायर झालो. त्यातली नऊ वर्षं याच मशीनखाली ग्रीस पुसण्यात गेली. त्यामुळे खोकं उघडल्या उघडल्या बोट फिरवलं ते मागच्या दोन दारांवर. रिवेटच्या ओळी झकास आहेत, अगदी बोटाला लागतात. इंजिनांपुढचे धूळ अडवणारे फिल्टरही सुबक. इथवर पूर्ण मार्क.

आता घोळ. जोडणीच्या पत्रकात टेल रोटर उजवीकडे दाखवलाय. तो जुन्या एमआय-८ चा. १७ चा डावीकडे असतो. मी चहाला उठलो तेवढ्यात नातवाने पत्रक बघून चिकटवूनही टाकला. सोडवताना एक पातं तुटलं. त्याच्यावर काय रागावणार, छापलंच तसं होतं! डिकलमधला (चिकटवायच्या छापील खुणांमधला) केशरी रंगही पार विटकरी आलाय.

मला हे मशीन एका दिवसाचं करायचं होतं. २८ मे १९९९, कारगिल युद्धातलं तोलोलिंग शिखर. सरसावा तळावरच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचं, कॉलसाइन (रेडिओवरचं नाव) नुब्रा. आत स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट राज किशोर साहू. आदल्याच दिवशी आपलं एक मिग-२१ आणि एक मिग-२७ गेलेलं. रॉकेटं सोडून बाहेर पडताना खांद्यावरून डागलेलं स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. चौघेही गेले. त्यानंतर एमआय-१७ ला हल्ल्याच्या कामावरून काढलं. मी १५२ ला कधी नव्हतो, यांच्यातल्या कुणाला भेटलोही नाही. पण त्या बातमीनंतर आमच्या हँगरमध्ये दोन दिवस कुणी रेडिओवर गाणी लावली नव्हती.

तर किटमध्ये फ्लेअरचे डबे दिलेत, तिळाएवढे, चिमट्यानेच धरावे लागतात. खऱ्या मशीनवर अशा एका डब्यात ३२ काडतुसं बसतात. उष्णतेचा माग काढत येणारं क्षेपणास्त्र इंजिनाच्या धुराड्याऐवजी त्या जळत्या काडतुसामागे जावं, एवढंच त्यांचं काम. त्या दिवशी त्या मशीनवर हे डबे नव्हते. पत्रकात त्यांच्यापुढे ‘ऐच्छिक’ अशी खूण आहे. मी ते फ्रेमवरून कापलेच नाहीत. बॉडीवर त्यांच्यासाठी पाडलेली भोकं पुट्टीने बुजवली. पहिल्या खेपेला घासल्यावर खळगे दिसत राहिले, म्हणून पुन्हा भरली.

दुसरी तक्रार जरा घरची समजा. कॉकपिटमध्ये दोन पायलट बसवून दिलेत, हेल्मेटसकट. दोघांच्या मधली फ्लाइट इंजिनिअरची घडीची सीट गायब. मागे केबिनमध्येही कुणी नाही. म्हणजे सार्जंट लोक जमिनीवरच राहिले की काय? दुसऱ्या एका किटमधले दोन शिपाई पाय कापून बसते केले आणि सीट पत्र्याच्या पट्टीची केली.

मोठा रोटर जोडला की रुंदी जवळजवळ ३० सेंटिमीटर होते. आमच्या शोकेसचं दार लागत नाही, सध्या ते टीव्हीशेजारी आहे. बायकोला पुसताना पात्यांची धास्ती वाटते.

पाचपैकी तीन. पावसाळ्यात जोडणार असाल तर प्रत्येक हातामागे रंग वाळायला दोन दिवस धरा.