महिनोन्‌महिने वीज नसेल तर: जनरेटर की सोलर?

ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचं जाळं, कोसळली आणि वीज काही महिने येणारच नाही, असं धरून तयारी करायची तर पैसे जनरेटरवर घालावेत की सोलर पॅनल आणि बॅटरीवर, हा पेच अनेकांना पडतो.

सुरुवातीचा खर्च जनरेटरचा कमी, यात वाद नाही. खरा प्रश्न इंधनाचा. पेट्रोल पंपालाही जमिनीखालच्या टाकीतून इंधन वर खेचायला वीज लागते. घरी साठवलेलं पेट्रोल साधारण ३ ते ६ महिन्यांत खराब होऊ लागतं. त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरमध्ये बसतो आणि मग दोरी कितीही ओढा, इंजिन चालू होत नाही. शिवाय आवाज, वेळोवेळी ऑइल बदलणं, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड. जनरेटर घरात, अगदी गॅलरीतही चालवू नका. माणसं झोपेतच दगावतात.

सोलर पॅनल २५ वर्षं सहज टिकतं, देखभाल म्हणजे धूळ पुसणं. कच्चा दुवा बॅटरी. लेड-ॲसिड वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर जाते; लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण हजारो वेळा चार्ज होते. एक गोष्ट मात्र नक्की तपासा: साधा ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडूनच चालणारा) इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिडच घ्या.

पाण्याचा मोठा पंप, वेल्डिंग अशी जड कामं मधूनमधून, काही आठवडेच करायची असतील तर जनरेटर. दिवे, रेडिओ, मोबाइल, औषधांचा छोटा फ्रिज वर्षभर चालवायचा असेल तर सोलर.