स्टेलेरियम आणि म्यूझस्कोअर: ताऱ्यांवरून पियानोची रचना करायला ही फुकट जोडी पुरते का?

लिहिण्यापुरती पुरते, ऐकण्यापुरती नाही. स्टेलेरियम हा आकाश दाखवणारा कार्यक्रम ताऱ्यांची अचूक जागा देतो आणि म्यूझस्कोअर स्टुडिओ हा स्वरलिपी लिहिण्याचा कार्यक्रम ती स्टाफवर, म्हणजे स्वरलिपीच्या पाच रेघांवर, मांडायला देतो. एकातून दुसऱ्यात आकडे आपोआप जात नाहीत, हातानं उतरवावे लागतात. पण एका नक्षत्राचे ठळक तारे सात-आठच असतात, त्यामुळे त्यासाठी पैसे मोजून एखादं अ‍ॅप घ्यायची गरज नाही.

स्टेलेरियममध्ये एफ३ दाबून तारा शोधला की वर डाव्या कोपऱ्यात त्याची माहिती येते. त्यातलं विषुवांश (पूर्व-पश्चिम जागा, तास-मिनिटांत), क्रांती (उत्तर-दक्षिण जागा, अंशांत) आणि दृश्यप्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितका तारा तेजस्वी) एवढंच घ्यायचं. विषुवांशावरून काळ, क्रांतीवरून स्वराची उंची, प्रतीवरून जोर. इथे पहिली ठेच लागते, कारण विषुवांश-क्रांतीच्या दोन जोड्या दिसतात: एक जे२०००ची, म्हणजे सन २०००च्या सुरुवातीची, दुसरी चालू तारखेची. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे, मृगाजवळ दोन्हींत आता मिनिटाहून जास्त फरक पडलाय. निम्मे तारे एका जोडीतून आणि निम्मे दुसरीतून घेतले तर लय सरकते आणि चूक कुठे झाली ते कळतही नाही. जे२००० धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

पडद्याचं चित्र काढून त्यावर स्टाफच्या रेघा ओढण्याची युक्ती आकर्षक आहे, पण ती उलटी वाजते. दक्षिणेकडे तोंड केलं की पूर्व डावीकडे येते आणि विषुवांश पूर्वेकडे वाढतो. डावीकडून वाचायला लागलात की जो तारा शेवटी माथ्यावर यायचा तोच आधी वाजतो. मुद्दाम तसं करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मृग नक्षत्र घेऊन बघा. शून्य अंश क्रांती म्हणजे मधला सी, एक अंश म्हणजे एक अर्धस्वर (पियानोवरची लगतची पट्टी), आणि विषुवांशाचं एक मिनिट म्हणजे एक एट्थ नोट (क्वार्टर नोटच्या निम्मा काळ). राजन्य म्हणजे रायगेल उणे ८ अंशांवर, म्हणून ई. बेलाट्रिक्स अधिक ६, एफ शार्प. मग बाणाचे तीन तारे ०, उणे १, उणे २ अंशांवर, म्हणजे सी, बी, बी फ्लॅट. आकाशानं आयती उतरती क्रोमॅटिक, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या स्वरानं जाणारी, ओळ दिली आहे. पुढे सैफ खालच्या डीवर आणि काक्षी म्हणजे बीटलज्यूस वरच्या जीवर. स्वरांमधली अंतरं ११, ७, ४, ५, ७, ७ एट्थ अशी येतात: बाणापाशी दाटी, दोन्ही टोकांना मोकळं. मिनिटाला ५० क्वार्टर नोट असा वेग ठेवला तर काक्षीपर्यंत पोचायला साधारण २५ सेकंद लागतात. जुळवलेली लय इतकी नैसर्गिक क्वचितच वाटते.

हेच प्रमाण कृत्तिकांना लावलं की सगळं फसतं. त्यांचे ठळक तारे सगळे २४ अंशांच्या आसपास आहेत, त्यामुळे एकच सी टकटकत राहतो. तिथे ३ कला (एका अंशाच्या ६० कला) म्हणजे एक अर्धस्वर धरा आणि काळही तसाच ताणा. कृत्तिका सोडून बाकी ठिकाणी ताऱ्यांची संख्याही आवरा. एफ४च्या खिडकीत प्रतीची मर्यादा ३ वर ठेवा. ६ ठेवलीत तर सबंध आकाशात सुमारे ५००० तारे येतात आणि पान शाईनं भरतं.

आता म्यूझस्कोअर. एन दाबून लेखन सुरू करायचं, ४ म्हणजे एट्थ, ० म्हणजे विश्राम. बी फ्लॅटच्या जागी ए शार्प (पट्टी तीच, नाव वेगळं) आला तर जे दाबा. हे सगळं झटपट होतं, त्याबद्दल तक्रार नाही. लांब स्वर टायनं, म्हणजे दोन खुणा जोडणाऱ्या कमानीनं, जोडत बसू नका, पान गजबजतं. एट्थ लिहून पुढे विश्राम ठेवा आणि पेडलची रेघ ओढा. चारचा ताल इथे निरर्थक असल्यामुळे तालखूण निवडून व्ही दाबला की ती लपते.

हे स्वर मधल्या पट्ट्यात जड वाटतात. कंट्रोल आणि वरचा बाण दोनदा दाबून दोन सप्तकं वर न्या. त्यानंतर ८व्हीएची (एक सप्तक वर वाजवा असं सांगणारी) रेघ लावायचा मोह झाला तर सावध राहा: ही रेघ लिहिलेला स्वर तिथेच ठेवते आणि आवाज आणखी एक सप्तक चढवते. फार लेजर रेघा (स्टाफबाहेरच्या जादा छोट्या रेघा) होत असतील तर प्रत्येक हाताला दोन-दोन स्टाफ द्या. जॉन केजनं १९७४-७५ मध्ये दक्षिण आकाशाच्या नकाशांवरून पियानोच्या ३२ रचना केल्या, तेव्हा हीच मांडणी वापरली होती.

प्रतीचं प्रमाण लॉगरिदमिक आहे, ५ प्रतींचा फरक म्हणजे १०० पट उजेड. त्याचं सरळ गणित जोराला लावू नका, मंद तारे ऐकूच येणार नाहीत. ० ला फोर्टे (जोरात), १ ला मेझो-फोर्टे, २ ला मेझो-पियानो, ३ ला पियानो (हळू) एवढं पुरे. काक्षी रूपविकारी आहे, म्हणजे त्याचं तेज कमी-जास्त होतं. २०२०च्या सुरुवातीला तो इतका मंदावला होता की त्याची प्रत १.६ च्या आसपास गेली होती. त्याच्या शेवटच्या जीला दोन वेगवेगळे जोर देऊन दोन शेवट लिहिता येतात, आणि माझ्या मते मंद शेवट जास्त चांगला.

खरी उणीव प्लेबॅकची. मूळ एमएस बेसिक आवाज या विरळ, लांबणाऱ्या स्वरांसाठी कोरडा आहे. म्यूझ हब या सोबतच्या कार्यक्रमातून म्यूझ कीज हा आवाजसंच वेगळा उतरवून घेतला की फरक पडतो, तरी पेडल किती दाबायचं हे प्लेबॅक ऐकून ठरवू नका. खऱ्या पियानोवर साधारण वरच्या दीड सप्तकाला डॅम्परच (तारेचा आवाज थांबवणारे तुकडे) नसतात. दोन सप्तकं वर नेलेले बेलाट्रिक्स आणि काक्षी नेमके त्या सीमेवर येतात आणि बोट उचललं तरी घुमत राहतात. बाणाचे तीन अर्धस्वर एका पेडलमध्ये हलक्या जोरात चालतात, सैफपाशी पेडल बदलावंच लागतं.

घेण्याआधी एक गोष्ट पाहा. म्यूझस्कोअर स्टुडिओ हा कार्यक्रम फुकट आणि मुक्तस्रोत आहे. त्याच नावाच्या संकेतस्थळावरून इतरांच्या स्वरलिप्या उतरवून घेण्यासाठी मात्र वेगळी वर्गणी मागितली जाते. लिहिण्यासाठी ती लागत नाही. ३२-बिट संगणकावर चौथी आवृत्ती चालत नाही.