अडीच हजारांच्या घरातला बास्केटबॉल बूट, सिमेंटच्या कोर्टावर आठ महिने वापरल्यावर

ब्रँडचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. या किमतीतलं मॉडेल वर्ष-दीड वर्षात दुकानातून गायब होतं आणि तशाच घडणीचा बूट दुसऱ्या नावाने फळीवर येतो. म्हणून घडणच सांगतो. घोटा अर्धवट झाकणारा मिड कट, वर जाळीचं कापड, त्यावर जागोजागी चिकटवलेला पातळ प्लास्टिकचा थर, मध्ये ईव्हीए या हलक्या प्लास्टिकचा फोम आणि खाली टोकापासून टाचेपर्यंत सलग रबर. यूके ८ मापाच्या एका बुटाचं वजन ३९० ग्रॅम. किंमत २,३९९ रुपये. नोव्हेंबर ते जून, आठवड्याला चार दिवस दीड-दीड तास, म्हणजे खाडे वजा करून साधारण १८० तासांचा खेळ. कोर्ट सिमेंटचं, वर रंग मारलेला, कडेला खडबडीत झालेलं. नागपाड्यापासून नागपूरपर्यंत बहुतेकांच्या वाट्याला उघड्यावरचंच कोर्ट येतं, त्यामुळे लाकडी फ्लोअरवर केलेली परदेशी परीक्षणं वाचून इथे बूट घेण्यात फारसा अर्थ नाही.

आधी किमतीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. करासकट २,६२५ रुपयांना पडणाऱ्या जोडाची मूळ किंमत २,५००, आणि करासकट ३,००० च्या जोडाची मूळ किंमत २,५४२. म्हणजे खिशातून पावणेचारशे जास्त गेले तरी बुटात आला तो बेचाळीस रुपयांचा माल. या पट्ट्यातला बूट घेऊच नये. एक तर अलीकडे थांबावं, नाहीतर सरळ साडेतीन-चार हजारांपर्यंत जावं.

बूट हातात घेतला की तो उलटा करायचा. रंग नंतर बघू. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी नागमोडी नक्षी, अजूनही सगळ्यात भरवशाची, कारण ती पुढे, मागे, आडवी अशी सगळीकडे सारखीच धरते. गोल किंवा नुसत्या उभ्या रेघांची नक्षी सरळ धावताना चालून जाते, बचावात आडवं सरकताना पाय निसटतो. या जोडाच्या खाचा नव्या असताना ३ मिलिमीटर खोल होत्या. आठ महिन्यांनी टाचेकडे २ उरल्या आहेत, पण अंगठ्याखाली चवड्यावर जेमतेम १. पिव्हट घेताना, म्हणजे एका पायावर वळताना, पाय गिरक्या मारतो तो तिथेच, त्यामुळे झीज आधी तिथेच दिसते.

रबर किती मऊ हवं, हा खरा प्रश्न. अंगठ्याचं नख दाबून पाहा. नख सहज रुतलं तर ते लाकडी फ्लोअरचं रबर, सिमेंटवर तीन महिन्यांत गुळगुळीत होईल. नख अजिबात रुतलं नाही आणि हाताला प्लास्टिकसारखं थंड लागलं, तर रंगवलेल्या कोर्टावर ते घसरणार. नख थोडं रुतावं आणि खूण लगेच भरून यावी, ते बरं. जेलीसारखा आरपार दिसणारा सोल फोटोत छान दिसतो, पण बहुतेक वेळा मऊ असतो आणि धूळ ओढतो. शिवाय स्वस्तात द्यायचं म्हणून काही बुटांच्या तळाला मधूनमधून रबर न लावता फोम उघडा ठेवलेला असतो. वजन कमी होतं हे खरं, पण सिमेंटवर तो फोम खडूसारखा झिजतो. या जोडात तसं नव्हतं, म्हणूनच तो आठ महिने टिकला.

धुळीवर उपाय साधा आहे. कोर्टाच्या कडेला ओला नॅपकिन ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी तळ पुसायचा. थुंकी लावून तळहाताने पुसण्याची जुनी सवय दोन मिनिटांपुरती कामाची, आणि किळसवाणीही.

फोमची कहाणी वेगळी. पहिले पाच-सहा तास बूट कडक वाटतो, मग मोकळा होतो आणि तीनेक महिने रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परतलेल्या चेंडूसाठी, उडी मारून टाच टेकताना चांगली साथ देतो. पाचव्या महिन्यात टाचेखालची उसळी गेल्याचं स्पष्ट जाणवलं. ईव्हीएमध्ये हवेच्या बारीक पेशी असतात, त्या दाबून दाबून चपट्या होतात आणि पुन्हा पूर्ण भरत नाहीत. बाजूने पाहिलं की आडव्या सुरकुत्या दिसतात. बूट पायात नसतानाही त्या तशाच राहिल्या तर तो फोम संपला समजा. ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या खेळाडूकडे हे आणखी लवकर होईल.

आतला इनसोल म्हणजे नुसता स्पंजचा तुकडा होता, दोन महिन्यांत कागदासारखा झाला. तीन-चारशे रुपयांचा ५ मिलिमीटरचा इनसोल टाकल्यावर पुन्हा जीव आला, पण जाड इनसोलने टाच वर उचलली जाते आणि मागून सुटायला लागते. त्यावर शेवटच्या भोकाची युक्ती: नाडी वरच्या भोकातून बाहेरून आत घालून त्याच बाजूला छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवून खाली ओढायची आणि मग गाठ. टाच जागची हलत नाही. आणि हो, मे महिन्यात बूट गाडीच्या डिकीत ठेवू नका. उष्णतेने ईव्हीए आकसतो आणि माप अर्ध्या नंबरने कमी झाल्यासारखं वाटतं.

घोट्याबद्दल एक गैरसमज दुकानदारही पसरवतात. उंच कट म्हणजे पाय मुरगळणार नाही, असं नाही. पाय वाचतो तो रुंद तळामुळे, चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोल थोडा पुढे आलेला असतो त्यामुळे, आणि टाचेच्या कडक वाटीमुळे. दुकानात तीन गोष्टी करून पाहा. टाचेची मागची बाजू अंगठ्याने दाबा, ती आत बसता कामा नये. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा, तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. मग ओलं फडकं पिळतो तसा पिळा, मधला भाग सहज पिळला गेला तर बूट ठेवून द्या. धावण्याच्या बुटात बास्केटबॉल खेळणारे बरेच दिसतात. उंच मऊ फोम आणि मध्ये निमुळता तळ, ही घडण सरळ धावण्यासाठी ठीक, पण आडवा पाय टाकला की तो कडेवरून उलटतो. घोटा तिथेच जातो.

मापाला यूकेचा आकडा पुरत नाही. यूके ८ म्हणजे नायकेच्या तक्त्यात २७ सेंटिमीटर, आदिदासच्या तक्त्यात २६.५. संध्याकाळी, खेळून झाल्यावर, कागदावर उभं राहून पाऊल मोजा आणि सेंटिमीटरवरूनच माप ठरवा. खेळताना घालता तेच मोजे घालून बूट चढवा. पुढे सेंटिमीटरभर जागा हवी, पण बाजूला नको. चवडा रुंद असेल तर प्लास्टिकचा थर करंगळीच्या सांध्यावर येतो का ते बघा. या जोडात तो नेमका तिथे येत होता आणि दोन आठवडे करंगळी सोलली जात होती.

जूनमध्ये पहिल्या पावसात उजव्या बुटाचं टोक दोन सेंटिमीटर उघडलं. या किमतीत हे होतंच: पुढचा भाग सारखा वाकतो, त्यात ओल शिरते आणि चिकटवण सुटते. झटपट चिकटणारा गोंद लावला तर तो काचेसारखा कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी वाकताच तडकतो. फेविबॉन्डसारखं रबरी चिकटवण घ्या. दोन्ही बाजू सँडपेपरने घासून, पुसून, पूर्ण वाळवून पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबून सायकलच्या जुन्या ट्यूबने रात्रभर आवळून ठेवा. रबराची कड वर चढून बुटाला वाटीसारखं धरत असेल, तर मोची शे-दीडशे रुपयांत भोवताली शिलाई मारून देतो आणि तळ पुन्हा सुटत नाही. कड नुसती फोमची असेल तर शिलाई फोम फाडते, तिथे मोचीकडे जाऊन उपयोग नाही. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही चिकटवणाचे शत्रू.

दिसण्याचं म्हणाल तर हा जोड गडद निळा, तळ काळा. आठ महिन्यांनीही जीन्सवर खपून जातो. पांढऱ्या फोमचा जोड दुकानात जास्त उठून दिसतो, पण सिमेंटची धूळ सुरकुत्यांत बसली की ब्रशनेही निघत नाही. फोमवर मारलेला रंग चवड्याजवळ पहिल्या महिन्यातच तडकतो, म्हणून बाजूचा रंग मुळातच फोममध्ये मिसळलेला आहे की वरून मारलेला, हे नखाने खरवडून पाहा. चकचकीत पट्ट्यांची कड आधीच उचललेली असेल तर ती महिनाभरात सोलून निघेल.

बाजारात याच पैशांत नामवंत खेळाडूंच्या बुटांची ‘फर्स्ट कॉपी’ मिळते. दिसायला झकास, पण बहुतेकांच्या टाचेतली हवेची खिडकी म्हणजे नुसतं पारदर्शक प्लास्टिक असतं आणि तळ कडक पीव्हीसीचा. मिरवायला घ्या, खेळायला नको. त्यापेक्षा मोठ्या ब्रँडचं मागच्या हंगामातलं मॉडेल सेलमध्ये बघावं, फक्त खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचून. दोन वर्षांपेक्षा जुना जोड सवलत कितीही असली तरी सोडावा, कारण चिकटवण आणि फोम खोक्यात पडून पडूनही म्हातारे होतात.

कॉलेजला आणि कोर्टावर एकच जोड वापरणाऱ्यांनी या आठ महिन्यांचे पाच धरावेत. रस्त्यावर चालताना टाच झिजते आणि खाचांत खडी अडकते ती वेगळीच. हा जोड आता सामन्याला निघत नाही. चवड्याखालच्या खाचा १ मिलिमीटरवर आल्यापासून तो फक्त फ्री थ्रोच्या सरावाला.