तांबडी सुर्ला: पात्रातून की काठाच्या वाटेने?
गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या, कदंब राजांच्या काळातल्या महादेव मंदिरामागून धबधब्याकडे जायचं, तर वाटा दोन: एक नदीचं पात्र आणि दुसरी काठावरची जुनी पायवाट. मला पात्रच आवडतं. डिसेंबरनंतर पाणी ओसरतं, काळ्या धोंड्यांवरून पुढे सरकता येतं आणि वाट चुकायची भीती नाही. मात्र शेवाळावर पाय घसरला की घोटा मुरगळलाच, काठी हवीच. काठावरची वाट सावलीची, पण निम्मी रानाने गिळलेली. गेल्या खेपेला आडव्या पडलेल्या झाडापाशी ती संपली ती संपलीच. अर्धा तास वेलींत शोधलं, शेवटी पाण्याच्या आवाजाच्या रोखाने उतरलो. पावसाळ्यात पात्रात पाऊलही टाकू नका, घाटावर पाऊस झाला की लोंढा बघता बघता येतो. आणि कुठूनही जा, वनखात्याची परवानगी आधी घ्या.