अ‍ॅडिनो की पॉक्स? एचआयव्ही लशीचा वाहक कोण

लातूरच्या नीटवाल्या पोरांना कोव्हिशील्डमधला चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस पाठ असतो. मग एचआयव्हीलाही तसंच काही का नाही, हा प्रश्न येतोच. करून पाहिलंय, माणसातला अ‍ॅड-५ (अ‍ॅडिनोव्हायरसचा पाचवा प्रकार) घेऊन.

वाहकाचं काम एवढंच: एचआयव्हीची काही जनुकं आपल्या पेशींत पोचवायची. पेशी ती प्रथिनं बनवतात आणि सीडी८ टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशींतला एक प्रकार) बाधित पेशी ओळखून मारायला शिकतात.

यात अ‍ॅड-५ तगडा, टी-पेशी भरपूर उठवतो. पण मूळचा सर्दी-खोकल्याचा विषाणू. आपल्याकडं कित्येकांच्या अंगात त्याची प्रतिपिंडं आधीच असतात, ती वाहकालाच वाटेत गाठतात. २००७ मध्ये याच वाहकावरच्या एचआयव्ही लशीच्या ‘स्टेप’ चाचणीत डोस थांबवावे लागले. संरक्षण तर नाहीच. उलट अ‍ॅड-५ची प्रतिपिंडं असलेल्या, सुंता न झालेल्या पुरुषांत लस घेणाऱ्यांनाच लागण जास्त झाली. हा डाग साधा नाही.

पॉक्स म्हणजे देवीच्या विषाणूचं घराणं. त्यातले एमव्हीए (देवीच्या लशीतल्या विषाणूचं दुबळं केलेलं रूप) आणि कॅनरीपॉक्स (पक्ष्यांतला पॉक्स) माणसात फारसे वाढत नाहीत, म्हणून सुरक्षित. जनुकांचा मोठा तुकडाही मावतो. टी-पेशी मात्र बेताच्याच. थायलंडमध्ये कॅनरीपॉक्स आणि जीपी१२० (एचआयव्हीच्या बाहेरच्या आवरणातलं) प्रथिन या जोडीनं २००९ मध्ये ३१ टक्के संरक्षण दाखवलं, पण त्याचा संबंध टी-पेशींपेक्षा प्रतिपिंडांशीच अधिक जुळला. दक्षिण आफ्रिकेत तशीच जोडी २०२० मध्ये फसली.

तरी माझा कौल एमव्हीएला, तोही बूस्टर म्हणून. आधी डीएनए लस (विषाणू-वाहकाविना नुसती जनुकं टोचायची), मग एमव्हीए. पुणे-चेन्नईत या क्रमाची छोटी चाचणी झालेली आहे.