टंचाईच्या काळातली रवा इडली
बंगळुरूच्या लालबाग रस्त्यावरील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’मध्ये, म्हणजेच एमटीआरमध्ये, रवा इडली आवर्जून मागवावी. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर तिथला तांदूळ भारतात येणे थांबले आणि त्या टंचाईत तांदळाऐवजी रवा वापरून आपण ही इडली तयार केली, असे एमटीआर सांगते. रवा दह्यात कालवून, सोडा घालून लगेच वाफवता येत असल्याने डाळ-तांदूळ भिजवणे, वाटणे आणि रात्रभर आंबवणे टळते. तांदळासोबत वेळही वाचतो. मोहरी-काजूची फोडणी, बटाट्याचा सागू, म्हणजे रस्साभाजी, आणि छोट्या वाटीतले पातळ तूप (काटकसरीतून जन्मलेल्या पदार्थासाठी जरा चैनच!) यांमुळे ती नाइलाजाची वाटत नाही. तिचा दाणेदारपणा मला नेहमीच्या इडलीपेक्षा अधिक आवडला. चटणीची मात्र गरज भासली नाही.