हिरवी शेडनेट: कोंबड्यांसाठी एकदम भारी, भाजीसाठी जरा बघून घ्या

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो म्हणून यंदा एप्रिलमध्येच शेडनेट आणली, परसात वांगी-मिरचीचे वाफे अन् बाजूला पाच गावरान कोंबड्यांचं खुराडं, दोन्हीवर ताणून बांधली. खरं सांगते, पैसे वसूल झाले. कोंबडीला घाम येत नाही ना, त्यामुळे आधी दुपारी बिचाऱ्या चोच उघडून, पंख पसरून नुसत्या धापा टाकायच्या, बघवत नव्हतं, अंडी पण जवळपास बंदच झाली होती. आता नेटखाली ओलसर मातीत खड्डा करून निवांत बसतात, लाल कोंबडी तर रोज वांग्याच्या बुडाशीच अंडं घालते.

फक्त माझ्यासारखी चूक करू नका, मी सगळीकडे ७५ टक्केवाली (म्हणजे ७५ टक्के ऊन अडवणारी) टाकली, कोंबड्यांना ती झकास पण खाली मिरची नुसतीच उंच वाढत गेली, फुलंच धरेना. भाजीला ५० टक्केवालीच घ्या. कडेच्या रिंगा पहिल्याच वावटळीत निघाल्या, दुकानदाराने बदलून दिली नाही याचा राग आहेच, शेवटी काठ दुमडून सुतळीने शिवला. अन् नेट असली तरी मातीच्या परळातलं पाणी दुपारी दोनदा बदलाच, तापलेल्या पाण्याला त्या चोचही लावत नाहीत.